स्टेरॉइड चालू आहे? हाडांकडे आत्ताच बघा

दमा किंवा संधिवातासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 3 महिने किंवा जास्त चालणार असेल, तर डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीचं डॉक्टरांना लगेच विचारा. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगानं होते. गोळी मात्र मनानं बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

कॅल्शियमसाठी दूध, नाचणी चांगलीच. पण कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध नको. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून उकळूनच प्या.

रंकाळ्यावर सपाट वाटेनं रोज चाला. जोतिबाच्या ओल्या पायऱ्या कुणाचा हात धरूनच उतरा. घागर उचलताना कंबर नव्हे, गुडघे वाकवा. पाठीत अचानक कळ आली, तर ‘लचक भरली’ म्हणून चोळून घेऊ नका. मणका दबलेला असू शकतो. आधी एक्स-रे काढा.