विजापूरच्या चित्रातला जामा, सोलापूरच्या मलमलीत

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं एक छोटं चित्र आहे. साधारण १६१० ते १६२० च्या दरम्यानचं. हातात चिपळ्यांसारखं वाद्य, अंगात घोळदार, झिरझिरीत पांढरा जामा. संगीताचा वेडा होता हा सुलतान. सोलापूरकरांनी हे चित्र परकं मानू नये. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला होता, आणि पुढे लहानग्या इब्राहिमच्या वतीने याच चांदबिबीने कारभार पाहिला.

त्या जाम्यावरून घोट्यापर्यंतचा ड्रेस घरी शिवता येतो. जर, खडे, लेस यांच्या मागे मात्र लागू नका. चित्रातला डौल सगळा कापणीत आहे: छातीवर तिरकी दुमड, उंच कंबर, कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद पट्ट्यांचा) घेर आणि मनगटावर चुण्या पडणारी लांब बाही. एवढं साधलं तर साध्या पांढऱ्या कापडातही तो जामा ओळखू येतो.

चित्र वाचायचं कसं

फोनवर चित्र मोठं करा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा. घेर कुठून सुरू होतो, कापडातून आतलं किती दिसतं, आणि बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, कोणत्या काखेखाली आहेत. मुघल काळातल्या चित्रांत मुसलमान सरदारांचे बंद बहुधा उजवीकडे आणि हिंदूंचे डावीकडे दिसतात, त्यामुळे अभ्यासक त्यावरून माणूस कोण असेल याचा अंदाज बांधतात. आपण आपल्या हाताला सोपी बाजू घ्यावी. खाली मी उजवीकडे बांधायचा जामा धरला आहे, म्हणजे डावा भाग वर येतो.

चित्रकार पाठ दाखवत नाही आणि आतली बांधणीही दाखवत नाही. ती बघायला सोलापुरात उत्तम सोय आहे: बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांबरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. कुणाच्या घरी असेल तर मागून घ्या आणि उलटी करून पाहा. आतला भाग कुठे अडकवलाय, बंद शिवणीत कसे धरलेत, त्यांची टोकं कशी दुमडलीत, सगळं हाताला कळतं. यात्रेची बाराबंदी शिवणारा शिंपी ओळखीचा असेल तर तासभर त्याच्याशेजारी बसा.

कापड

पांढरी सुती मलमल, ४४ इंच पन्ना, साडेपाच मीटर. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत घेताना कापड हातावर ठेवा. खालची बोटं पुसट दिसली पाहिजेत, पण धागे सरकता कामा नयेत. पॉलिस्टरमिश्रित घेऊ नका. ते चुण्या धरत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात अंगावर ठेववत नाही. पहिल्यांदाच शिवत असाल तर वरच्या भागासाठी मीटरभर मांजरपाट (साधं, जाडंभरडं सुती कापड) घ्या.

मलमल रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवून किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. कापड आटायचं ते कापण्याआधी आटू द्या.

वरचा भाग

मापं छाती ३६ इंचाला धरून देते. पाठीचा तुकडा २१ इंच रुंद, १६ इंच लांब. यात शिवणीची अर्धा-अर्धा इंच आली. मुंढा, म्हणजे बाही जोडायची कड, गोल कापायचा नाही, सरळ ठेवायचा: खांद्यापासून ८ इंच खाली खूण. मागचा गळा मध्यापासून दोन्हीकडे ३-३ इंच आणि जेमतेम पाऊण इंच खोल.

पुढचे भाग दोन. दोन्ही पाठीच्याच मापाचे घ्या, कारण एकावर एक पूर्ण चढतात. डाव्या भागावर गळ्याच्या डाव्या खुणेपासून उजव्या कडेला, खांद्यापासून १० इंच खाली, हलकी बाकदार रेघ काढा आणि वरचा कोपरा कापा. रेघ अगदी सरळ काढली तर छातीवर झोळ पडतो. उजव्या भागावर हेच उलट, फक्त त्याची मोकळी कड ४ इंच कमी करा. तो आत राहतो, जाड थर नको.

हा भाग आधी मांजरपाटात कच्चा टाचून अंगावर घाला आणि हात वर करून पाहा. कंबरेची शिवण छातीच्या खाली, नेहमीच्या कंबरेच्या वर यायला हवी. फरक इथे दुरुस्त करा, मलमलीवर नको.

कळ्या

माझ्या मते सगळा ड्रेस इथे ठरतो. ३८ इंच लांबीचे तीन तुकडे घ्या. प्रत्येकाच्या ११ इंची चार उभ्या पट्ट्या होतात. पट्टीवर वरच्या कडेला डावीकडून ४ इंच आणि खालच्या कडेला डावीकडून ७ इंच अशा खुणा करून जोडा आणि त्या रेघेवर कापा. एक तुकडा उलटा फिरवला की दोन सारख्या कळ्या मिळतात. चिंधी उरत नाही. अशा २४ कळ्या. धुतल्यावर पन्ना ४२ भरला तर पट्टी साडेदहाची घ्या आणि खालची खूण साडेसहावर करा.

प्रत्येक कळीची एक कड सरळ, एक तिरकी. जोडताना नेहमी सरळ कडेला तिरकी कड लावा. तिरकी-तिरकी जोडली तर शिवण ताणून घेर लोंबतो. सगळ्या जोडल्यावर एका टोकाला सरळ कड उरेल, तीच वर दिसणाऱ्या भागाला लावा.

मलमलीतून शिवण आरपार दिसते, म्हणून सगळीकडे फ्रेंच शिलाई. उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचाच्या आत टीप, कडा कातरून घ्यायच्या, मग सुलट्या बाजू आत करून पाव इंचावर दुसरी टीप. वेळ लागतो, पण आतून एकही धागा निघत नाही. सुई ९ किंवा ११ नंबरची आणि टाका बारीक.

घेर वरून सुमारे ७२ इंच भरतो, खालून १४४ म्हणजे १२ फूट. वरच्या भागाची खालची कड आपल्या मापाला साधारण ५६ इंच भरेल. जास्तीच्या १६ इंचांच्या चुण्या मागे आणि बगलांकडे घाला, पोटावर घेर सपाट ठेवा.

बाह्या आणि बगल

बाही वर १७ इंच, मनगटाला ९ इंच, लांबी आपल्या हातापेक्षा ६ इंच जास्त. ही जास्तीची लांबीच मनगटावर चुण्या देते. मोह झाला तरी कमी करू नका.

सरळ मुंढ्यात हात उचलला की कापड ताणतं, म्हणून काखेत ४ इंची चौकोनी बगल घालायची, टोक वर येईल अशी. चारही कोपऱ्यांवर शिवण नेमकी अर्धा इंच आधी थांबवा आणि तिथे दोनदा पक्की करा. ही शिवण मशीनवर जमत नसेल तर हाताने घाला.

गळा, बंद, पट्टा

गळ्याची तिरकी कड कापल्याबरोबर तिच्यावर एक साधी टीप मारून ठेवा, नाहीतर हाताळताना ती वाढते. मग सव्वा इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी किंचित ओढून लावा. बंद १० इंच लांब, शिवून अर्धा इंच रुंद: एक जोडी आत डाव्या बगलेला, दोन बाहेर उजवीकडे, एक काखेखाली आणि एक कंबरेच्या शिवणीवर.

चित्रातल्या कंबरेच्या पटक्याची जागा जुन्या इरकली साडीचा लाल-पांढरा पदर फार सुंदर घेतो. इरकलीचं इळकल गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे, पण १९९७ पर्यंत ते विजापूर जिल्ह्यातच होतं. लुगडं फाटलं तरी पदर बहुधा शाबूत राहतो. ९ इंच रुंद पट्टी कापून कडा दुमडा. आत फिकट रंगाची चुडीदार आणि स्लिप घाला, त्यांचा रंग कापडातून दिसतो.

खालची दुमड लगेच घालू नका. ड्रेस दोन रात्री हँगरला टांगून ठेवा, तिरक्या कडा जेवढ्या उतरायच्या तेवढ्या उतरतात. मग जमिनीपासून सारखं अंतर मोजून खालची कड नीट करा आणि पाव इंचाची दुहेरी दुमड हाताने घाला. त्यानंतर मात्र टांगायचा नाही, घडी घालूनच ठेवायचा.