‘झोन नाही’ म्हणून प्लेट फेकण्याआधी: या चुका टाळा

रत्नागिरीच्या आसपासच्या काजूबागांतली, कांदळवनातली माती आणून प्रतिजैविक बनवणारे जिवाणू शोधायचे, हा एमएस्सीच्या मुलांचा आवडता प्रकल्प. मी दरवर्षी पाहते: चांगले स्ट्रेप्टोमायसीस (प्रतिजैविकं बनवणारे मातीतले तंतुमय जिवाणू) हाती लागतात आणि ‘झोन नाही’, म्हणजे चाचणीचा जिवाणू जिथे वाढू शकत नाही अशी मोकळी जागा त्यांच्याजवळ दिसली नाही, एवढी नोंद होऊन कचऱ्यात जातात. फार जीव तुटतो. जनुकं बहुतेक वेळा तिथेच असतात, ती चालू व्हावीत अशी वेळच आपण आणलेली नसते. २००२ साली स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा प्रतिजैविकांसारखी संयुगं बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह त्यात सापडले. त्यातले बरेचसे प्रयोगशाळेत गप्पच होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांना पोटभर खायला घालणं. भरपूर ग्लुकोज आणि फॉस्फेट असलं की हा जिवाणू नुसता वाढतो, प्रतिजैविकाची जनुकं दबलेली राहतात. फॉस्फेट कमी पडलं की फोआर-फोपी या प्रथिनांच्या जोडीला ते कळतं आणि पेशीचा सगळा कारभार बदलतो. म्हणून न्यूट्रियंट अ‍ॅगर या नेहमीच्या सकस माध्यमावर थांबू नका, स्टार्च-केसीन अ‍ॅगरही लावा. कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचातलं चिटिन तर आपल्याकडे मुबलक. त्यातून सुटणाऱ्या एन-असिटिलग्लुकोसमाइन या शर्करेपासून पेशीत बनणारा रेणू डासआर नावाच्या दमनकारी प्रथिनाला डीएनएवरून सोडवतो आणि अ‍ॅक्टिनोऱ्होडिन या निळ्या प्रतिजैविकाचा रस्ता मोकळा होतो. पण गंमत अशी, की हीच शर्करा सकस माध्यमात दिली तर उत्पादन उलट अडतं. तेव्हा चिटिन द्यायचं ते उपाशी माध्यमातच.

दुसरी चूक घाईची. क्रॉस स्ट्रीक करताना, म्हणजे एकाच प्लेटवर दोघांच्या काटकोनात रेघा ओढून पाहताना, आयसोलेट (मातीतून वेगळा केलेला जिवाणू) आणि चाचणीचा जिवाणू एकाच दिवशी ओढतात. ई. कोलाय रातोरात वाढतो. स्ट्रेप्टोमायसीसला तंतू, मग बीजाणू असं वळण घ्यायला दिवस लागतात, आणि प्रतिजैविक साधारण त्याच सुमारास येतं. स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसमध्ये तर ए-फॅक्टर हा संकेत पुरेसा साठल्यावरच स्ट्रेप्टोमायसिनची जनुकं जागी होतात. आयसोलेट पाच ते सात दिवस वाढू द्या, मग आडव्या रेघा ओढा.

रंगावरून निकाल लावू नका. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन आम्लात लाल, अल्कलीत निळं दिसतं, त्यामुळे दोन प्लेटवर एकच जिवाणू वेगळा वाटू शकतो. कांदळवनातल्या आयसोलेटसाठी एक प्लेट समुद्राच्या पाण्यात केलेल्या माध्यमाचीही ठेवा.

‘आधी झोन होता, आता गेला’ ही तक्रार पावसाळा संपता संपता हमखास येते. विचारलं तर कळतं, जूनपासून तिरकसावरून (नळीत तिरक्या गोठवलेल्या माध्यमावरून) तिरकसावर सबकल्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा नवी लागवड, चाललंय. या जिवाणूंचं गुणसूत्र बहुधा रेषीय असतं आणि त्याच्या टोकांचे मोठे तुकडे आपोआप गळू शकतात, त्यांच्याबरोबर प्रतिजैविक बनवण्याची क्षमताही जाऊ शकते. बीजाणू न धरणाऱ्या, टकल्या वसाहती दिसू लागल्या तर सावध व्हा. पहिल्या शुद्ध प्लेटवरचेच बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवा, नाहीतर उणे २० वर, आणि प्रत्येक चाचणीची सुरुवात त्याच नळीपासून करा.