ऑक्टोबरच्या उन्हात रोपे पांढरी पडतायत? औषध आणण्याआधी हे पाहा

पाऊस उघडला की आकाश एकदम मोकळे होते. महिना-दीड महिना ढगांखाली किंवा ५० टक्के शेडनेटखाली वाढलेली टोमॅटो, मिरची, वांगी, कोबीची रोपे थेट भर दुपारच्या उन्हात येतात. लागवडीनंतर दोन-चार दिवसांत वरची पाने आधी फिकट होतात, मग वाळल्या गवतासारखी पांढरट. करपा समजून बुरशीनाशक फवारले जाते. या पानांवर त्याचा काहीही उपयोग नाही, कारण इथे बुरशी नाहीच.

निरभ्र दुपारी शेतात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. टोमॅटो-मिरचीचे पान त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच प्रकाश कामी लावू शकते. उरलेली ऊर्जा ते उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. जी टाकता येत नाही तिच्यामुळे पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतले डी-१ नावाचे प्रथिन मोडते. हे प्रथिन रोजच मोडते आणि पान ते रोज दुरुस्तही करते. मोडतोड दुरुस्तीच्या पुढे गेली की अन्न तयार होणे मंदावते. तसेच चालू राहिले तर हरितद्रव्यच नष्ट होते. सावलीत वाढलेल्या पानात जादा ऊर्जा बाहेर टाकण्याची आणि दुरुस्तीची ताकद मुळातच कमी असते. त्यात नव्याने लावलेल्या रोपांची मुळे धरलेली नसतात, पाणी पुरत नाही, पर्णरंध्रे (पानावरची बारीक छिद्रे) मिटतात आणि कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते. ऊन तेवढेच, पण ते वापरायला पानाकडे काही उरत नाही.

ओळखायचे कसे? एका पानाची सावली ज्या भागावर पडते तो भाग हिरवाच राहतो आणि हिरव्या-पांढऱ्याची सीमा स्पष्ट दिसते. खालची, आतली पाने चांगली असतात. डागात वलये, भोवती पिवळी कडा किंवा सावलीतल्या पानांवरही ठिपके दिसले, तर मात्र रोगाचा विचार करा.

नर्सरीतून ट्रे आले की त्याच दिवशी लागण करू नका, हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. घाई सगळ्यांनाच असते, पण पाच-सहा दिवस थांबा. पहिले दोन दिवस फक्त सकाळचे ९-१० पर्यंतचे कोवळे ऊन द्या, मग रोज थोडे वाढवत शेवटी दिवसभर उघड्यावर ठेवा. या काळात पाणी थोडे हात राखून द्या, पण रोप कोमेजू देऊ नका. नत्राची खते थांबवा. नर्सरीवाल्याने रोपे आधीच उन्हाला सरावलेली असतील तर उत्तमच, ऑर्डर देतानाच तसे विचारा. लागण दुपारी ४ नंतर करा, बेड आधी ठिबकने भिजवून घ्या. कडक उघाड असेल तर पहिले चार दिवस ओळीच्या पश्चिम बाजूला पालापाचोळा, तुराट्या किंवा जुनी नेट तिरकी लावा. नंतर ती काढाच. सावलीत राहिलेले रोप लांबट, लुसलुशीत होते आणि पुढे आणखी भाजते.

ऊस, मका, ज्वारी यांना ही चिंता फारशी नाही. ही पिके पूर्ण उन्हाचा चांगला उपयोग करतात.

उभ्या पिकात जुनी पाने शिरांच्या मधे पिवळी पडली असतील आणि सावलीतला भाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियमची कमतरता तपासा. मॅग्नेशियम कमी पडले की पानात तयार झालेली साखर बाहेर जात नाही, आणि मग साधे ऊनही पानाला जड जाते. लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट संध्याकाळी फवारा आणि माती परीक्षणही करून घ्या.

पांढरा पडलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. पण तेवढ्यासाठी रोप उपटू नका. शेंडा हिरवा असेल तर वाफसा (माती ओलसर, पण पाणी साचलेले नाही अशी स्थिती) टिकवा, आठवडाभर भारी खत किंवा औषधांचे मिश्रण देऊ नका आणि नवीन पान कसे येते ते पाहा. शेंडाच जळलेला असेल तर तेवढ्याच जागी नांगे भरा, म्हणजे नवे रोप लावा.