अँटीव्हायरस बदलण्याची तयारी: आठ-दहा संगणकांच्या ऑफिससाठी

आठ-दहा संगणक, त्यातल्याच एकावर टॅलीचा डेटा, कोपऱ्यात झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर असं एकत्र मशीन, दाराशी बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र आणि कपाटात दोन-तीन डिजिटल सहीचे टोकन. कर सल्लागार असो, घाऊक व्यापारी असो की छोटा कारखाना, ऑफिस बहुधा असंच असतं. अशा ठिकाणी अँटीव्हायरस बदलायचा म्हटलं की सगळी चर्चा नवा कोणता घ्यावा यावर होते. काम अडतं ते मात्र जुना अर्धवट निघाल्यामुळे, आणि सोमवारी बिल निघालं नाही की शिव्या नव्याला बसतात. म्हणून या यादीतला मोठा भाग जुन्याबद्दल आहे.

आधी तारीख ठरवा. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला जीएसटीआर-३बी, आणि तिमाही योजनेतल्या महाराष्ट्र-गोव्यातल्या व्यापाऱ्यांना तिमाहीनंतरच्या महिन्यात २२. हे पाहता २३ ते २७ मधला शनिवार बरा. मार्च-एप्रिलमध्ये हात लावू नका. जुन्याची मुदत संपायला महिनाभर असताना सुरुवात करा. शेवटच्या दिवशी घाईत घेतलेलं लायसन्स हमखास चुकीच्या प्रकारचं निघतं.

मग एका कागदावर प्रत्येक संगणकाची नोंद करा: विंडोजची आवृत्ती, होम की प्रो, रॅम किती, हार्ड डिस्क की एसएसडी, सध्या कोणता अँटीव्हायरस, त्यावर आणखी काय चालतं. या कागदाने निम्मे निर्णय आपोआप होतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसची व्हायरस-ओळख मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार आहे, पण वाढीव मुदतीची सुरक्षा घेतली नसेल तर खुद्द विंडोजमधली भोकं उघडीच राहतात, आणि ती कोणताही अँटीव्हायरस बुजवत नाही. अशा संगणकासाठी महागडं लायसन्स घेण्याआधी तो बदलायचा की विंडोज ११ चढवायचं ते ठरवा. विंडोज ७ वर तर बहुतेक नवे अँटीव्हायरस बसतच नाहीत. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर कोणताही घ्या, संगणक रडणारच. तिथे एसएसडीवर केलेला खर्च जास्त कामी येतो.

विकत घ्यायलाच हवा का, हा प्रश्नही याच कागदावर सुटतो. पाचपर्यंत संगणक, सगळे अद्ययावत विंडोज ११ वर, आणि बॅकअप खरोखर घेतला जातो, अशा ठिकाणी विंडोजमधला डिफेंडर नीट लावून ठेवणं पुरेसं आहे असं आमचं मत. आठ-दहाच्या पुढे गेलात की पैसे मोजायचे ते मध्यवर्ती कन्सोलसाठी. कोणत्या संगणकाची व्हायरस ओळखण्याची यादी (ओळख-यादी) चार दिवसांपासून जुनी आहे, कुणी संरक्षण बंद करून ठेवलंय, हे एका पडद्यावर दिसणं हाच खरा माल. दुकानात मिळणाऱ्या तीन संगणकांच्या घरगुती खोक्यांत बहुधा तो नसतो. शिवाय घरगुती आवृत्ती विंडोज सर्व्हरवर बहुतेक वेळा बसायलाच नकार देते, म्हणून सर्व्हर असेल तर त्याचं लायसन्स वेगळं विचारा.

उत्पादन निवडताना मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळांचे निकाल बघा, पण व्यावसायिक उत्पादनांचे. घरगुतींची यादी वेगळी असते. पकडण्याच्या टक्केवारीत वरचे सगळे एकमेकांना खेटून असतात. तुम्हाला फरक पडतो तो दोन रकान्यांत: चांगल्या फाइलला व्हायरस म्हणण्याचं प्रमाण, आणि संगणक किती मंदावतो. पुण्याची क्विक हील (तिचं व्यवसायांसाठीचं नाव सेक्राइट), चेन्नईची के७, बाहेरच्यांत ईसेट, बिटडिफेंडर, सोफोस अशी नावं विक्रेते पुढे करतील. प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारा. कन्सोलचा मुख्य पासवर्ड आमच्याकडे राहील ना? नोंदी किती दिवस राहतात? लायसन्सचे दिवस पहिल्या संगणकापासून मोजले जातात की प्रत्येकाचे वेगळे? बिल फर्मच्या नावे, जीएसटी क्रमांकासह मिळेल का? त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट तुमचं आहे, ते सोडू नका. नोंदींचा प्रश्न सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे येतो. त्यांत नोंदी १८० दिवस ठेवायला आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. काही कन्सोल महिनाभरच नोंदी ठेवतात, मग दर महिन्याला त्या उतरवून घ्याव्या लागतात.

कंपनी कोणत्या देशातली, हा प्रश्नही आता फालतू राहिलेला नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या विक्रीवर आणि नंतर अपडेटवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या घरगुती ग्राहकांच्या संगणकांवर एके दिवशी अल्ट्राएव्ही नावाचं भलतंच सॉफ्टवेअर आपोआप बसलं. भारतात तशी बंदी नाही, पण तुमचा ग्राहक अमेरिकन असेल तर करारात काय लिहिलंय ते वाचून ठेवा.

आता जुन्याकडे. जुना कन्सोल ज्या सर्व्हिस इंजिनिअरच्या ईमेलवर उघडलेला आहे, त्याला बदलाची बातमी देण्याआधी कन्सोलचा ताबा स्वतःकडे घ्या. अनइन्स्टॉल करायला पासवर्ड लागतो, आणि तो तिथेच असतो. ताबा मिळाला की मुदत चालू असतानाच चार गोष्टी उतरवून घ्या: ज्या फोल्डरांना स्कॅनमधून वगळलंय त्यांची यादी, परवानगी दिलेल्या वेबसाइट, पेन ड्राइव्हचे नियम आणि जुन्या नोंदी. क्वारंटाइन, म्हणजे पकडलेल्या फाइली कोंडून ठेवायची पेटी, उघडून पाहा. चुकून पकडलेली कामाची फाइल तिथे असेल तर आताच सोडवा, कारण अनइन्स्टॉलबरोबर ती पेटी बहुधा रिकामी होते. जुन्यात फाइलींची कुलूपबंद तिजोरी किंवा पासवर्ड साठवण्याची सोय कुणी वापरत असेल तर त्यातलं सगळं बाहेर काढा. हे विसरलं तर तिजोरीची फाइल डिस्कवर राहते, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर गेलेलं असतं.

बॅकअप आदल्या दिवशी, आणि तोही एका प्रतीवर न भागवता: टॅलीचा डेटा, सामायिक फोल्डर, आउटलुकच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्कची वायर काढून कपाटात ठेवा. टॅलीतली एखादी कंपनी दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून उघडते का ते पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप धरू नका. त्याच वेळी प्रत्येक संगणकाची बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो, आणि संगणक सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी गरजेपुरतंच विंडोज चालू करणं) न्यायची वेळ आली की पडदा तीच की मागतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका बिघडलेल्या फाइलने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले, तेव्हा दुरुस्ती म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं एवढीच होती. की हाताशी नसलेले तिथेच अडकले. त्यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: सॉफ्टवेअरची आवृत्ती मुद्दाम एक पाऊल मागे ठेवणारेही सुटले नाहीत, कारण बिघाड हल्ले ओळखण्याच्या नियमांच्या फाइलमध्ये होता, आणि ती सगळ्यांना एकदम जाते.

एका पेन ड्राइव्हवर नव्याचा पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर आणि जुन्या कंपनीचं स्वतःचं सफाईचं टूल ठेवा. मॅकॅफी, नॉर्टन, कॅस्परस्की, ईसेट, अव्हास्ट यांची अशी टूल आहेत. ती कंपनीच्या साइटवरूनच घ्या, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून नको. अँटीव्हायरसच्या नावाखाली व्हायरस घेण्याचा तो ठरलेला रस्ता आहे.

एका संगणकापासून सुरुवात करायची. मालकाचा लॅपटॉप नको आणि टॅलीचा मुख्य संगणकही नको. अकाउंटंटचा घ्या, कारण टोकन, प्रिंटर, बँक, टॅली सगळं त्यावरच चालतं. तो पाच कामाचे दिवस बिनतक्रार चालला तरच बाकीचे, आणि टॅलीचा मुख्य संगणक सगळ्यांत शेवटी. एसएसडीवाल्या संगणकाला पाऊण तास धरा, हार्ड डिस्कवाल्याला दुप्पट. यूपीएसची बॅटरी धड नसेल तर वीज जाण्याच्या वेळा टाळा. ड्रायव्हर निघत असताना संगणक बंद पडणं हे सगळ्यांत वाईट.

क्रम असा: जुना अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, सफाईचं टूल, पुन्हा रीस्टार्ट. आता थांबा. विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर स्वतःहून जागा झालाय का पाहा, आणि त्याची ओळख-यादी अद्ययावत करा. मधल्या काळात तोच तुमचा राखणदार. कुणी कधी एखादं टूल वापरून त्याला कायमचा झोपवला असेल तर ते इथेच उघड होतं. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएलटीएमसी ही पाच इंग्रजी अक्षरांची आज्ञा द्या. फाइलींवर पहारा ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते. तिच्यात ‘अल्टिट्यूड’ या रकान्यात ३२०००० ते ३२९९९९ मधला आकडा असलेले ड्रायव्हर अँटीव्हायरसचे. तिथे फक्त डिफेंडरचा, म्हणजे डब्ल्यूडीफिल्टर, दिसला पाहिजे. जुन्याचं नाव अजून असेल तर तो गेलेला नाही, कंट्रोल पॅनेल काहीही म्हणो. एका म्यानात दोन तलवारी नकोत: एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासायला जातो, दुसऱ्याची तपासणी पहिल्याला संशयास्पद वाटते, आणि संगणक गोगलगाय होतो. नवा बसवल्यावर विंडोज १० आणि ११ वर डिफेंडर आपणहून बाजूला होतो. विंडोज सर्व्हरवर तसं होत नाही, तिथे तो हाताने बाजूला करावा लागतो. हे न कळल्याने कित्येक सर्व्हर वर्षानुवर्षं दोघांचं ओझं वाहतात.

नवा बसला की रीस्टार्ट, अपडेट, झटपट स्कॅन. पूर्ण स्कॅन रात्री लावा. त्याआधी वगळायचे फोल्डर भरा, पण जुनी यादी डोळे मिटून चिकटवू नका. तिच्यात कुणीतरी कधीतरी अख्खा डी ड्राइव्ह घालून ठेवलेला सापडतो. टॅलीसाठी फक्त डेटाचा फोल्डर वगळा. त्याचा मार्ग कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतो. प्रत्येक व्हाउचरला त्या फाइलींमध्ये लिहिलं जातं, आणि दरवेळी स्कॅन झालं तर जोडलेले सगळे संगणक थांबून राहतात. वगळलेल्या फोल्डरमध्ये डाउनलोड आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइली ठेवायच्या नाहीत, हे सगळ्यांना सांगा. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) रोखणारा भाग वेगळा असतो. त्याला फोल्डर सांगून भागत नाही, टॅलीच्या प्रोग्रॅमलाच लिहिण्याची परवानगी द्यावी लागते.

इथे एक नाजूक विषय. ऑफिसातलं विंडोज किंवा ऑफिस चोरीच्या अ‍ॅक्टिव्हेटरवर चालत असेल तर नवा अँटीव्हायरस ते पहिल्याच स्कॅनमध्ये उचलतो, आणि ‘नव्यामुळे एक्सेल बंद पडलं’ अशी बोंब होते. त्याला वगळा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. डीटीपीच्या संगणकांवर मराठी फॉन्टचं जुनं, डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर असतं. त्याच्या ड्रायव्हरवर संशय येऊ शकतो. ते मूळ सीडीवरचं असेल तर वगळायला हरकत नाही.

फायरवॉलमध्ये ऑफिसचं नेटवर्क ‘खासगी’ म्हणून नोंदवा. ‘सार्वजनिक’ राहिलं की पहिल्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. सामायिक फोल्डर आणि झेरॉक्स मशीनवरून थेट फोल्डरमध्ये येणारे स्कॅन यांना ४४५ पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) लागतो, नेटवर्क प्रिंटरला बहुधा ९१००, टॅलीला ९०००, अनेक हजेरी यंत्रांना ४३७०. ही दारं ऑफिसच्या आतल्या आत उघडी ठेवायची, बाहेरून नाही. जीएसटी पोर्टलवर सही करणारा एमसायनर संगणकातल्या संगणकात १५८५ सारख्या पोर्टवर बोलतो. वेब-स्कॅनिंगने तो अडवला तर सहीची चौकट येतच नाही. आणि पेन ड्राइव्ह बंद करण्याचा नियम लावताना केवळ साठवणुकीची उपकरणं निवडा, कारण टोकनही यूएसबीचाच, आणि काही टोकन वर सीडी ड्राइव्ह म्हणूनही दिसतात.

खरंच पकडतोय का, हे आयकार नावाच्या निरुपद्रवी चाचणी-फाइलने पाहा. जेमतेम ६८ बाइटची ही फाइल सगळे अँटीव्हायरस व्हायरस म्हणून ओळखतात. ती आयकारच्या साइटवरून थेट, झिपमध्ये आणि सामायिक फोल्डरमधून अशी तिन्हीकडून आणून पाहा, आणि कन्सोलवर इशारा पोचला का तेही. मग संध्याकाळ होण्याआधी अकाउंटंटला बसवून टोकनने लॉगिन, एक व्हाउचर, एक प्रिंट, एक स्कॅन, बँकेची साइट, हजेरी उतरवणं आणि दूरून मदतीला वापरतात ते सॉफ्टवेअर एवढं करून घ्या. सुरक्षित साइटवर ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवू लागला तर जुन्याने ठेवलेलं मूळ प्रमाणपत्र किंवा एक्स्टेन्शन मागे राहिलंय का शोधा.

जुन्याचं कार्डावरचं आपोआप नूतनीकरण बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी दोन्हींचे पैसे जातात. कन्सोलचा पासवर्ड, बिटलॉकरच्या की आणि लायसन्स संपण्याची तारीख एका पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक मात्र मॉनिटरखाली चिकटवायचा. पंधरा दिवसांनी कन्सोल उघडून संगणक मोजा. कागदावर नऊ आणि पडद्यावर आठ असतील तर नववा बहुतेक साहेबांचा, घरी नेलेला लॅपटॉप असतो.