फोन सांभाळताना या चुका टाळा

लग्नपत्रिका फोटोत येते, फार तर पीडीएफमध्ये. ‘एपीके’ म्हणून ती कधीच येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात हे सांगून माझा घसा बसतो, तरी लग्नसराई आली की तेच फोन समोर येतात. पत्रिका नसेल तर आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी. नाव काहीही असो, फाइलच्या शेवटी ‘डॉट एपीके’ दिसलं की ते अ‍ॅप आहे. उघडायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी आले. फोन तापतोय, बॅटरी बदल म्हणाले. व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याच्या नंबरवरून पत्रिका आलेली, आणि भाच्याच्या घरात लग्नच नव्हतं! त्याचा फोन आधीच बाधला होता. त्यातूनच ती फाइल सगळ्या ओळखीच्यांना परस्पर गेली होती. गुरुजींनी एसएमएस वाचायची परवानगी दिलेली, अ‍ॅक्सेसिबिलिटीही चालू केलेली, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचायची आणि स्वतः बटणं दाबायची मुभा.

“गुरुजी, पत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत?”

“अरे, ते सारखं विचारत होतं, म्हणून दिलं.”

हेच होतं. समोरचा चौकोन लवकर जावा म्हणून माणसं ‘अलाउ’ दाबतात. स्क्रीनवर त्या अ‍ॅपचं चिन्हही नव्हतं. सेटिंग्जच्या यादीत सापडलं, पण अनइन्स्टॉल होईना, कारण ते डिव्हाइस अ‍ॅडमिन, म्हणजे फोनचं कारभारीच होऊन बसलं होतं. तो हक्क काढल्यावर निघालं. तोवर ओटीपी भलतीकडे जाऊन खातं रिकामं झालं होतं.

असं झालं तर आधी वायफाय, डेटा बंद करून सिम बाहेर काढा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच स्पष्ट केलं की, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं. म्हणून मिनिटं महत्त्वाची. आल्या आल्या “रिसेट मारून द्या” म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. तक्रारीला तो मेसेज, नंबर, फाइलचं नाव लागतं. दुसऱ्या फोननं त्यांचे फोटो काढा, मगच रिसेट.

बाकीच्या चुका थोडक्यात. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. मागितला की फोन ठेवा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करू नका. कुरिअरवाला म्हणून कुणी स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर फिरवायला सांगितला तर फिरवू नका, त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. फिरवला असेल तर ##००२# डायल करा.

पोरांचा मात्र मला राग येतो. विकतचं अ‍ॅप फुकटात हवं म्हणून ग्रुपवरचं ‘मॉड’, म्हणजे कुणीतरी फेरफार केलेलं अ‍ॅप टाकायचं, ते अडतं म्हणून प्ले प्रोटेक्ट हा गुगलचा पहारेकरी बंद करायचा, आणि त्याच फोनवर वडिलांचं बँक खातं. फुकटचं हवंच असेल तर त्या फोनवरून बँकेचं अ‍ॅप काढून टाका.

आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. फोन चोरीला गेल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो, पण पोलीस तक्रारीसोबत हा नंबर लागतो, आणि तेव्हाच खोकं रद्दीत गेलेलं असतं. आज *#०६# दाबून लिहून घ्या. मी विकलेल्या प्रत्येक फोनच्या बिलावर दोन्ही सिमचे आयएमईआय पेनानं लिहून देतो. बिल लोक जपतात.