पाणी वरून आलं की खालून? ह्यूस्टनला नव्याने आलेल्यांसाठी

ह्यूस्टनला घर घेतलेल्या बहुतेकांना पहिल्या वर्षी एक मोठं समाधान असतं: घर विटांचं आहे. मलाही होतं. मग एका वादळानंतर भिंत फोडायची वेळ आली आणि कळलं, की वीट ही नुसती झूल आहे. घर उभं असतं आतल्या लाकडी चौकटीवर. विटांच्या तळाच्या थराकडे वाकून पाहा, दर दोन-तीन फुटांवर एक उभी फट सोडलेली दिसेल. तिला वीप होल म्हणतात. विटांमागचा ओलावा बाहेर निघावा म्हणून ती असते, पण रस्त्यावरचं पाणी तिथवर चढलं की त्याच वाटेनं आत येतं. दाराशी वाळूची पोती रचून बसलात तरी. या फटी सिमेंटनं बुजवून टाका, असं सांगणारा शेजारी भेटेलच. त्याचं ऐकू नका, भिंत आतून कुजते.

आतली भिंत ड्रायवॉलची, म्हणजे दोन कागदांच्या मध्ये जिप्सम. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी वर ओढते. जमिनीवर तीन इंच पाणी दिसलं तरी भिंतीच्या पोटात ते त्याहून बरंच वर गेलेलं असतं. सिमेंटच्या घरात वाढलेल्या माणसाचा हात आधी खराट्याकडे जातो: पाणी लोटायचं, पुसायचं, पंखा लावायचा. इथे तेवढ्यावर थांबलात तर भिंत वरून कोरडी दिसते, आत ओलीच राहते, आणि २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्यामुळे पाणी आलं की दोनच गोष्टी महत्त्वाच्या. ते कुठून आलं, आणि येऊन किती तास झाले.

कुठून आलं, हे इन्शुरन्ससाठी. होमओनर्स पॉलिसी बहुतेकांकडे असते, कारण कर्ज देणारी बँक ती घ्यायलाच लावते. ती पूर भरून देत नाही, हे मात्र अनेकांना पूर आल्यावर कळतं. वाऱ्यानं छपराच्या शिंगल्स उडाल्या आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर साधारणपणे होमओनर्स पॉलिसी देते. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत अनेकांच्या घरातले पाइप गोठून फुटले, तसं नुकसानही सहसा त्यातच बसतं. पण पाणी बायूतून (इथल्या संथ ओढ्यांना बायू म्हणतात), रस्त्यावरून, अंगणातून सरकत आलं की तो पूर, आणि त्याला वेगळी फ्लड पॉलिसी लागते. ती बहुधा केंद्र सरकारच्या १९६८ पासूनच्या पूरविमा योजनेतून मिळते. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख. भाड्यानं राहणाऱ्यालाही सामानापुरती घेता येते.

यातली खोच म्हणजे ३० दिवसांची वाट. आज पैसे भरले तर पॉलिसी महिन्यानं लागू होते. टीव्हीवर वादळाच्या संभाव्य मार्गाचा शंकू मेक्सिकोच्या आखातात दिसू लागल्यावर फोन करून काही उपयोग नाही. हंगाम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणून एप्रिलमध्ये हे काम उरकून टाका. घराच्या कर्जाच्या क्लोजिंगबरोबर, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या वेळी, घेतली तर ही वाट पाहावी लागत नाही. तेव्हा घर घेतानाच घ्या.

“पण आमचं घर फ्लड झोनमध्ये नाही.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त हार्वी वादळाचं सांगतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत जी घरं बुडाली, त्यातली निम्म्याहून अधिक नकाशावरच्या ‘१०० वर्षांच्या’ पूरक्षेत्राबाहेर होती. या १०० वर्षांचा अर्थही लोक चुकीचा घेतात. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच तो अर्थ. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती साधारण २६ टक्के होते. शिवाय इथले रस्ते मुद्दामच जास्तीचं पाणी तात्पुरतं साठवतील असे बांधलेले आहेत. रस्ता भरलेला दिसला म्हणून घाबरू नका, गाडी मात्र त्यात घालू नका.

क्लेमचा फोन करताना शब्द सांभाळा. छतातून पाणी गळतंय आणि आपण घाईत म्हणतो, “माय हाउस इज फ्लडेड.” पलीकडचा माणूस ‘फ्लड’ असं टिपून ठेवतो, आणि मग तो शब्द खोडून घ्यायला महिने जातात. माझ्या ओळखीत एकाचे गेले. जे घडलं तेच सांगा: वाऱ्यानं छप्पर उघडलं, पाऊस आत आला, अमुक खोली भिजली. दोन्हीकडून पाणी आलं असेल तर दोन वेगळे क्लेम होतात, म्हणून वरचं आणि खालचं नुकसान वेगवेगळं दिसेल असे फोटो काढा. फ्लड पॉलिसीत ‘प्रूफ ऑफ लॉस’ नावाचा कागद नुकसान झाल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो. आणि वादळाचं डिडक्टिबल टक्क्यांत असतं, तेही घराच्या विमा रकमेच्या. चार लाखांवर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार डॉलर तुमचे. पॉलिसीचं पहिलं पान आज काढून बघा.

आता तासांचं. पाण्यात उभं राहून ब्रेकरला हात लावायचा नाही. पॅनेलपर्यंत कोरड्यानं जाता येत नसेल तर वीज कंपनीला फोन करा आणि थांबा. जनरेटर लावला तर घरापासून किमान २० फूट दूर. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावणारेही असतात, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसं मारतो. छताला पाण्याचा फुगा आला असेल तर वीज बंद असल्याची खात्री करून खाली बादली ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरनं छोटं भोक पाडा. नाहीतर अख्खं छत अंगावर येतं.

मग फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेजवळ मोजपट्टी धरून काढा. फ्रिज, वॉशर यांच्या मागच्या सीरियल नंबरचेही काढा. कार्पेटचा हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा. एवढं झालं की ॲडजस्टरची, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान पाहायला येणाऱ्याची, वाट पाहत बसू नका. नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीनुसार तुमचंच काम आहे. ताडपत्रीपासून ब्लेडपर्यंत सगळ्याच्या पावत्या जपा.

बाहेरून आलेलं पाणी म्हणजे सांडपाणीच समजा. कार्पेट आणि त्याखालचं पॅडिंग वाळवून वापरायचा मोह होतो. सरळ बाहेर काढा. लॅमिनेटही जातं, टाइल बहुधा वाचते. तळाच्या बेसबोर्डच्या पट्ट्या उचकटून काढा आणि ड्रायवॉल पाण्याच्या रेघेच्या निदान फूटभर वर सरळ रेषेत कापा. बरेच जण चार फुटांवर कापतात, कारण ड्रायवॉलचा नवा तक्ता चार फूट रुंदीचा येतो आणि आडवा बसतो. भिंतीतलं गुलाबी किंवा पिवळं इन्शुलेशन भिजलं असेल तर तेही काढा. एन-९५ मास्क, हातमोजे, जाड तळाचे बूट हवेतच, खिळे सगळीकडे असतात. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथे स्वतः तोडफोड करू नका. उघड्या लाकडाला आधी साबण आणि ब्रश. ब्लीच अमोनियात कधीही मिसळायचं नाही.

वीज आली आणि एसीच्या डक्टमध्ये पाणी गेलं नसेल तर खिडक्या लावून एसी आणि डीह्युमिडिफायर चालवा. इथली हवाच इतकी दमट, की खिडक्या उघड्या ठेवून वाळवायचं म्हटलं तर लाकूड उलट पाणी पितं. दोन-तीन आठवडे सहज लागतात. मॉइश्चर मीटर फार महाग नसतो. लाकूड १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवी भिंत लावू देऊ नका. आम्ही पाहुणे येणार म्हणून घाई केली, आणि सहा महिन्यांनी तीच भिंत पुन्हा फोडली.

वादळानंतर दारावर कॉन्ट्रॅक्टर येतात. टेक्सासमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्स लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. “डिडक्टिबल आम्ही बघून घेतो” म्हणणारा कायदा मोडतोय, २०१९ पासून ते बेकायदा आहे. बाहेरगावाहून आलेल्याला आपत्तीच्या कामासाठी काम सुरू होण्याआधी पैसे मागता येत नाहीत. बुरशी सलग २५ चौरस फुटांवर पसरली असेल तर ती काढणाऱ्याकडे राज्याचं लायसन्स हवं, आणि तपासणारा वेगळा, काढणारा वेगळा. टॅबलेट पुढे करून “फक्त पाहणीची सही” मागितली तर खाली स्क्रोल करून शेवटपर्यंत वाचा.

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर फेमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची, रोख मदत तुम्हाला मिळत नाही. पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या नावानं अर्ज करता येतो. अनेक जण हे माहीत नसल्यानं अर्जच करत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर स्वतःच करा. भाड्यानं राहत असाल आणि जागा पूर्णपणे राहण्याजोगी उरली नसेल, तर लेखी नोटीस देऊन लीज संपवता येतं. घरमालकाशी फोनवर बोललात तरी लगेच ईमेल टाका.

भिंत बंद करण्याआधी उघड्या चौकटीचे, आतल्या वायरींचे आणि पाइपांचे फोटो मोजपट्टीसह काढा आणि पावत्यांच्या फाइलमध्येच ठेवा. इथे घर विकताना पूर्वी पाणी आलं होतं का, हे लिहून द्यावं लागतं. तेव्हा घेणारा पहिल्यांदा हीच फाइल मागतो. आणि एरवी टीव्ही टांगताना खिळा कुठे ठोकायचा, हेही त्या फोटोंत दिसतं.