हुशार पिल्लाला ‘दमवायला’ निघालात? या चुका टाळा

कुत्र्याचं पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की त्याच्या माणसांकडून एकच तक्रार येते: “दमतच नाही हो हे!” दमलेलं असतं, बहुतेक वेळा प्रमाणाबाहेर दमलेलं असतं. पण झोप अनावर झालेलं लहान पोर जसं गप्प न बसता जास्तच धिंगाणा घालतं, तसंच पिल्लाचंही असतं.

बॉल फेकायचं यंत्र बनणं

ही चूक पाहून पाहून मी कंटाळले आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

ओळखीच्या एका घरी बॉर्डर कॉलीचं पिल्लू आलं. ही जात मेंढ्या राखण्यासाठी घडवलेली, त्यामुळे हलणारी वस्तू दिसली की दबा धरायचा आणि झेपावायचं हे तिच्या रक्तातच आहे. घरच्यांनी ऐकलं होतं की याला भरपूर व्यायाम लागतो. झालं, सकाळ-संध्याकाळ बॉल सुरू. काही आठवड्यांत पिल्लू संध्याकाळी घरभर सैरावैरा धावू लागलं. पँटचे पायचे ओढ, मुलांच्या टाचा पकड, सोफ्यावरून उड्या मार. घरच्यांनी निष्कर्ष काढला की व्यायाम कमी पडतोय, आणि रात्री बॉलची आणखी एक फेरी वाढवली. त्याने काय झालं? पिल्लाचा दमसास वाढला. थांबायचं कसं, हे मात्र त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मी गेले तेव्हा ते बॉल ठेवलेल्या कपाटासमोर उभं होतं. जीभ एका बाजूला लोंबलेली, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. नावाने हाक मारली तर कानसुद्धा हलला नाही. पायाशी खाऊ टाकला, तो हुंगलाही नाही. घरातले कौतुकाने म्हणाले, “बघा, किती उत्साह!” हा उत्साह नव्हे. खाण्याकडेही लक्ष जात नाही इतकं डोकं तापलेलं असणं म्हणजे पिल्लू ताणाखाली आहे.

बॉल घराबाहेर गेला. त्याच्या जागी हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लांब दोरी लावून फेरफटका आला, आणि वाट पिल्लाने ठरवायची. एका झुडपापाशी दहा मिनिटं नाक खुपसून बसलं तरी ओढायचं नाही. हुंगण्यात डोकं खर्ची पडतं आणि अंगही शांत होतं. सकाळचं कोरडं खाद्य वाडग्यात न देता गवतात उधळायचं. आणि प्रत्येक उद्योगानंतर सक्तीची झोप. सुरुवातीला पिल्लाने आरडाओरडा केला, घरच्यांनीही केला. पण संध्याकाळचा धुडगूस हळूहळू निवळला. चावणं मात्र पूर्ण थांबलं नाही, कारण दुधाचे दात पडून नवे येत होते. ते सहा-सात महिन्यांपर्यंत चालायचंच.

बॉल कायमचा वर्ज्य नाही. मी तीन-चारदाच टाकते, मध्ये बसायला लावते, आणि शेवटी तो लपवून शोधायला सांगते. शोधण्यावर खेळ संपला की पिल्लू तापलेलं राहत नाही.

झोपेचं वेळापत्रक नसणं

लहान पिल्लू दिवसाकाठी १८ ते २० तास झोपतं. हुशार पिल्लू आपण होऊन झोपत नाही, कारण घरात सतत काहीतरी घडत असतं आणि त्याला सगळ्यात नाक खुपसायचं असतं. तासाभराची जाग झाली की मी क्रेटवर (पिल्लाच्या झोपायच्या पिंजऱ्यावर) चादर टाकते, आत चघळायला काहीतरी देते आणि खोलीतून निघून जाते. अचानक चावरं झालेल्या पिल्लाच्या बाबतीत आधी शेवटची झोप कधी झाली ते आठवा. नवं खेळणं मागवायचं ते नंतर.

पळायला सोबत नेणं

नको. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा कूर्चेचा भाग पक्का व्हायला लहान जातींना वर्षाच्या आसपास, तर मोठ्या जातींना दीड वर्षापर्यंत किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर जॉगिंग, उंच उड्या, जिन्यावरची पळापळ बंद. आपल्या मर्जीने बागडू दे.

महागडं कोडं आणायचं आणि बाजूला व्हायचं

खाऊ दडवलेली कोड्याची खेळणी चांगली असतात, पण लोकांना ती पिल्लू सांभाळणारी बाई वाटतात. हुशार पिल्लू दोन दिवसांत शोध लावतं की झाकणं सरकवत बसण्यापेक्षा सगळं उलटं केलेलं बरं. आणि एकदम अवघड कोडं दिलं तर वैतागून प्लास्टिकच चावून टाकतं. मी जुना टॉवेल अंथरते, त्यावर खाद्याचे दाणे पसरून गुंडाळी करते. जमलं की पुढच्या वेळी सैल गाठ मारते. टेप आणि पिना काढलेलं पुठ्ठ्याचं खोकंही चालतं, फक्त पुठ्ठा गिळत नाही ना हे बघायला समोर बसावं लागतं. तेवढाही वेळ नसेल, तर पिल्लू आणायची घाई कशाला केली?

लेझर

सोफ्यावर बसून पिल्लू पळवायची युक्ती म्हणून लोक लेझरच्या दिव्याचा ठिपका जमिनीवर फिरवतात. तो ठिपका कधीच तोंडात सापडत नाही, शिकार अर्धवट राहते, आणि काही कुत्री पुढे सावल्या, घड्याळाच्या काचेची तिरीप असं काहीही शोधत बसतात. ही सवय सोडवणं फार कठीण. लेझर फेकून द्या.

झटपट सांगायच्या गोष्टी

शिकवणी तीन-चार मिनिटांची. पिल्लू कंटाळायच्या आत थांबा.

सगळी खेळणी एकदम पसरू नका. तीन बाहेर, बाकी कपाटात, दर काही दिवसांनी अदलाबदल.

फाटका बूट खेळायला देऊ नका. नवा कुठला, हे त्याला कळत नाही.

रस्सीखेच खेळल्याने कुत्रा आक्रमक होतो ही भीती सोडा. खेळा, फक्त “सोड” आधी शिकवा.

लसी पूर्ण व्हायच्या म्हणून महिनोन्‌महिने घरात कोंडू नका. जगाची ओळख करून घ्यायचं मुख्य वय साधारण ३ ते १४ आठवडे असतं. कडेवर घेऊन माणसं, गाड्या, आवाज दाखवा.

चाटायच्या खेळण्यात पीनट बटर भरण्याआधी डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्यांना विषारी आहे. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे पडतात.

आणि कालपर्यंत नाचणारं पिल्लू आज मलूल असेल, लंगडत असेल किंवा खात नसेल, तर “बरं झालं, दमलं एकदाचं” म्हणून बसू नका, पशुवैद्याला फोन करा.